आज बाजार कुठं?

२०२३ च्या मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि लगेचच अक्कांचा अमळनेरहून फोन आला, "वैनी, आते हिंडी लेऊत." अक्का माझ्या थोरल्या नणंद. मी माहेरची सांगलीकडची, सासर धुळ्याचं. इतकी वर्षं धुळ्यात काढली, पण खान्देश म्हणाल तर नाशिकचा रस्ता, एकवीरेचं देऊळ आणि लग्नकार्याला जावं लागलेली चार-सहा गावं, एवढाच माझ्या वाट्याला आलेला. मुलं मार्गी लागली, पाय अजून चालत होते. निघालो.

मुलानं फोनवरून शोधून एक यादी करून दिली होती. उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, मनुदेवी, पाटणादेवी, तोरणमाळ. यादीत चूक काहीच नव्हती. पण यादीतल्या गावाला पोचलं, देवाला हात जोडले, फोटो काढला, की परतीची गाडी संध्याकाळी पाचला. मधले तास स्टँडवर. (स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहांबद्दल मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर लेख तिथेच संपेल.) अशाच एका दुपारी अक्कांनी एका जीपवाल्याला छेडलं, की बाबा, इकडच्या पाड्यांकडे गाड्याच नाहीत का? तो म्हणाला, "बाजारना दिन या ना मावशी, मंग देखा गाड्या."

तेवढ्यानं आमची रीत बदलली. कुठंही गेलो की पहिल्यांदा विचारायचं, आज बाजार कुठं? आणि तिकडे जायचं. सुरुवातीला यामागं विचार-बिचार काही नव्हता, नुसती गाड्यांची सोय. बाजाराच्या दिवशी गाड्या भरून येतात, डोंगरातल्या वाटेलाही जीप लागते, आणि परतीला कुणी ना कुणी असतंच. लोकांना मात्र आमचं काही समजेना. कंडक्टर विचारी, "कथा जाई ऱ्हायनात मावशी?" अक्का म्हणत, "बजारले." "काय लेवाले?" "लेवाले काही नही, देखाले." यावर गाडीतले सगळे मागं वळून बघत. एका म्हाताऱ्यानं तर स्पष्टच विचारलं, "बजारमा देखानं काय शे?"

बरंच आहे. चोपडा-यावल-रावेरच्या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एखाद्या बाजारात तासभर बसून राहा. भाजीवाली लेवा बोलीत भाव सांगते, गिऱ्हाईक अहिराणीत घासाघीस करतं, कापडवाला गुजराती वळणाचं बोलतो, तडवी बाई मिरच्या निवडत असते आणि डोंगरातून उतरलेल्या पावरा बायका आपसात पावरीत बोलून एकदम मराठीत "कितीला?" विचारतात. मला धुळ्यात वाटायचं, खान्देश म्हणजे अहिराणी. अक्कांनाही तसंच वाटायचं, आणि त्या तर इथल्याच.

बाजारात ओळख झाली की पुढचं आपोआप होतं. रावेरकडे असंच झालं. केळीची पानं विकणाऱ्या एका बाईशी अक्का बोलत बसल्या, तिचा दीर बागाईतदार निघाला आणि आम्ही त्याच्या बागेत. केळीची बाग रेल्वेच्या खिडकीतून मी शेकडो वेळा पाहिली असेल. आत शिरलं की हवाच वेगळी, बाहेर रखरख आणि आत ओला गारवा. त्यानं समजावलं, इथे लागवडीचे दोन हंगाम, पावसाळ्याच्या तोंडाला लावतात ती मृगबाग, पावसाळा सरल्यावर लावतात तो कांदेबाग. कडेनं शेवरी आणि गजराज गवत दिसत होतं. मला वाटलं गुरांसाठी. गुरांसाठीही, पण आधी वाऱ्यासाठी. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि त्या वाफेसारख्या वाऱ्यात घड लागलेलं झाड मोडून पडतं. हिवाळ्यात उलट, सातपुड्याकडून थंडी उतरते आणि घडाची वाढ थांबते. एवढ्या दोन टोकांच्या मधे ही माणसं केळी पिकवतात आणि ती देशभर जाते. फैजपूर तिथून जवळच. १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं, हे मी शाळेत पाठ केलं होतं. तेव्हा नकाशात ते कुठं आहे हे कुणी दाखवलं नव्हतं.

हिवाळ्यात पुन्हा तिकडे गेलो ते भरितासाठी. यावर मात्र थांबलंच पाहिजे. हॉटेलात भरीत म्हणून जे मिळतं ते सोडा. इथलं वांगं हिरवट-पांढरं, हातभर, बिया कमी. कपाशीच्या वाळक्या काड्या शेतातच पडलेल्या असतात, त्यांचा जाळ करून त्यात वांगी टाकतात. काडीचा जाळ झटकन भडकतो आणि झटकन विझतो, त्यामुळे वांगं आतून शिजतं आणि धुराचा वास धरतं. गॅसवर हे होत नाही, मी घरी पुष्कळ झटले. मग सालं काढायची आणि खोलगट लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायचं, हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, कोथिंबीर, शेंगदाणे, वर सढळ तेल. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. शेतातल्या भरिताचं सगळं काम पुरुषांनी केलं, आणि आम्हाला बायकांना ओळीनं बसवून वाढलं. अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, घरी हेच लोक पाण्याचा तांब्या उचलत नाहीत. जळगावच्या केळीला आणि या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ज्यांच्या शेतात आम्ही जेवलो त्यांना त्याचं कौतुक होतं, भावात फरक पडला का म्हटल्यावर ते हसले.

पाटणादेवीला यादीमुळे एकदा जाऊन आले होते. श्रावणात परत गेलो, चाळीसगावच्या बाजारातून. उन्हाळ्यात हे जंगल म्हणजे नुसत्या काटक्या, पाऊस पडला की तेच रान इतकं दाटतं की गौताळ्याच्या डोंगरात वाट सापडत नाही आणि कड्यांवरून पाणी उड्या मारत येतं. पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. या पाटण्यात १२०७ सालचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असा त्यातला मजकूर. गणित शिकवायला मठ, या जंगलाच्या तोंडाशी! आणि त्याच्याही हजाराहून जास्त वर्षं आधीची पितळखोऱ्याची बौद्ध लेणी वरच्या डोंगरात. म्हणजे ही वाट त्या काळी आडबाजूची नव्हती, घाटावरून खाली उतरणारा माणूस इथूनच जात असणार. आपण ज्याला कोपरा म्हणतो तो कुणाच्या तरी रस्त्यावर होता, हे त्या पायऱ्या चढताना गुडघ्यांसकट पटतं.

साक्री तालुक्यात आम्ही भामेरचा किल्ला बघायला निघालो होतो. किल्ला पाहिला, लेणी पाहिली. पण खरं सांगायचं तर त्या सहलीतलं लक्षात राहिलं ते पाणी. पांझरेच्या काठच्या एका गावात चहा पिताना एका काकांनी फड पद्धतीचा विषय काढला. पाटबंधारे खातं जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या नद्यांवर लहान बंधारे आहेत, त्यातून पाट निघतात आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले असतात. तो एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या वर्षी या फडात ऊस, त्या फडात भुसार, पुढच्या वर्षी बदल. गंमत अशी, की प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन बहुतेक फडांत असते. पाणी कमी पडलं तर एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांचाच. पाट राखायला पाटकरी, शेतात पाणी फिरवायला बारेकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, आणि त्यांची मजुरी पूर्वी धान्यात.

मी बँकेत नोकरी केलेली बाई. मला हे ऐकून पहिल्यांदा सुचलं ते, की हिशेब कोण ठेवतं आणि भांडण झालं तर? काका म्हणाले, "भांडण तर व्हसच. भांडाले बी सगळा संगेच बठतस." आता विहिरी झाल्या, बोअर झाल्या, ज्याच्या त्याच्या मोटरीवर जो तो राजा, आणि बऱ्याच ठिकाणी फड नावापुरते उरलेत. त्यांनी आम्हाला पाटाच्या काठाकाठानं नेलं. पाट कोरडा होता. त्यांनी मात्र पाणी असल्यासारखं वाकून दाखवलं, कुठं दार उघडायचं, कुठून वळवायचं. या पद्धतीवर बाहेरचे अभ्यासक येऊन लिहून गेलेत. आमच्या धुळ्यातल्या कॉलनीत, पांझरेच्याच काठी, पाण्याच्या टँकरवरून दर उन्हाळ्यात जे चालतं ते त्यांनी एकदा येऊन पाहावं.

नंदुरबार थोडक्यात सांगते, कारण तिथे आम्हाला फार वेळ थांबवेचना. हिवाळ्यात शहराबाहेर मिरचीच्या पथारी पडतात. ओली लाल मिरची उघड्या मैदानावर वाळत घातलेली, नजर जाईल तिथवर लाल. फोटोत अतिशय सुंदर. प्रत्यक्षात डोळे, नाक, घसा एकदम पेटतात. दिवसभर तिथे बसून देठ खुडणाऱ्या बायका आमच्या शिंका बघून हसत होत्या. हातांची आग होत नाही का विचारलं, तर एकीनं तळवा पुढं केला. बघितला आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. तिथून प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर. लोक त्याला दक्षिणकाशी म्हणतात. देवळांच्या बाजूच्या टेकाडात १९५५ मध्ये उत्खनन झालं, ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती निघाली. नर्मदा आणि तापी दोघीही पश्चिमेला वाहतात, मधे सातपुडा. प्रकाशाच्या घाटावर उभं राहिलं की उत्तरेला तो निळा कठडा दिसतो, आणि अक्का म्हणाल्या, "त्याना पलीकडे आपलं काही चालाव नही."

त्या म्हणाल्या ते खरं ठरलं. तोवर सगळीकडे बोलण्याचं काम अक्कांचं होतं. सातपुड्यात शिरलो आणि त्यांची अहिराणीही थांबली. तोरणमाळला शहाद्याहून गेलो, वळणावळणाचा घाट चढून. अकराशे मीटरहून उंच, वर यशवंत तलाव, सीताखाई, आणि धुळ्याच्या माणसाला मेमध्ये रात्री पांघरूण लागतं हेच मोठं नवल. पण तिथे पर्यटकांसाठी बांधलेलं पुष्कळ आहे, त्यामुळे आपण पर्यटकच राहतो. धडगाव-मोलगीकडे तसं नाही. गावं आपल्यासारखी गोळा होऊन बसलेली नाहीत. एकेक घर आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर, अशी पाच-पन्नास घरं मिळून एक पाडा. पत्ता विचारावा तर बोट दाखवतात आणि ते घर समोरच्या डोंगरावर असतं, मधे दरी.

मोलगीजवळ आम्ही आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांच्या घरी उतरलो. बांबूच्या तट्ट्यांवर मातीचा लेप दिलेल्या भिंती, आत इतकं गार की पंख्याची आठवण येत नाही. सरांची आई मराठी बोलत नव्हती, आम्हाला त्यांची बोली येत नव्हती. कैऱ्यांचे दिवस होते. त्या कैऱ्या सोलून, चकत्या कापून खडकावर वाळत टाकत होत्या, आमचूरासाठी. आम्ही शेजारी बसून सोलायला लागलो. सुरी कशी धरायची ते त्यांनी मला माझा हात धरून शिकवलं, अक्कांना दोनदा शिकवलं. दिवसभर बसून होणारा ढीग वाळल्यावर किती उरतो आणि व्यापारी त्याला काय देतो, हे सरांनी संध्याकाळी सांगितलं. त्यानंतर मी बाजारात आमचूराच्या भावाची घासाघीस केलेली नाही. अक्का अजूनही करतात.

पुढच्या वर्षी त्यांनीच होळीला बोलावलं. आपली होळी एका दिवशी सगळीकडे. इथे तसं नाही, गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे एकमेकांच्या होळीला जाता येतं. त्याआधी भोंगऱ्या बाजार भरतात. तो बाजार मी आयुष्यात विसरणार नाही. फुटाणे, डाळ्या, गूळ, साखरेचे हार, गुलाल, ढोलांचे ताफे, आणि अंगावरची सगळी चांदी घालून आलेल्या बायका. ढोल असे, की दोन माणसांनी उचलावेत. जो तो कुणाला तरी भेटायला आलेला, खरेदी हे निमित्त.

काठी गावची होळी जुन्या संस्थानाची, म्हणून राजवाडी होळी. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून, जीपच्या टपापर्यंत माणसं, आम्ही रात्री पोचलो. गुजरात, मध्य प्रदेशातूनही लोक आले होते. होळीचा उंचच उंच बांबू ज्या खड्ड्यात उभा करतात तो खड्डा अवजार न लावता हातांनी उकरतात. नवस असलेले पुरुष बुध्या, बावा, मोरखी होतात. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू. ही वेशभूषा म्हणून बघितली तर काहीच कळत नाही. हे व्रत आहे. त्या दिवसांत खाटेवर झोपायचं नाही, अंघोळ नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे.

शहरातून आलेले काही फोटोवाले त्या नाचणाऱ्यांना "जरा इकडे बघा, परत उडी मारा" म्हणत होते. डोक्यावर ड्रोन भिरभिरत होता. मला राग आला. सरांना मात्र तसा आला नाही. ते म्हणाले, आमचीच पोरंही मोबाईल घेऊन नाचतात, राहू द्या. फक्त पेटवायच्या वेळी मधे येऊ नका. मीही फोटो काढले होते, पण विचारून. कुणी नाही म्हटलं नाही, एकानं पैसे मागितले, तेही मला बरोबरच वाटलं. रात्रभर त्याच्या कमरेचे घुंगरू वाजत होते आणि मी कांबळ्यात बसले होते.

या सगळ्याचा एक हिशेब पुढे चुकता झाला. सरांचा धाकटा भाऊ धुळ्याला कॉलेजला आला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, ही खान्देशातली देवी, घरी बसते, तेव्हा अक्का त्याला जेवायला घेऊन आल्या. सुरत, पुणे, नाशिक, जिथे जिथे घरचे आहेत ते सगळे आले होते. तो एका कोपऱ्यात बसून बघत होता आणि मग एकेक विचारायला लागला. नारळाचीच देवी का? रोटाचा, म्हणजे देवीच्या प्रसादाचा, गहू घरातल्या पुरुषांच्याच नावानं मूठमूठ का मोजता, बायकांच्या नावानं का नाही? आणि रोट भाऊबंदांनीच खायचा, तर मला काय देणार?

घर शांत झालं. मला उत्तर येत नव्हतं, इतकी वर्षं मी ते गहू स्वतः मोजते आहे. अक्कांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "आते माले काय इचारस भो, हाई मनी मायले इचारानं व्हतं." तो म्हणाला, आमच्याकडेही बायका बुध्या होत नाहीत, मी आजीला विचारलं होतं, तिनंही असंच सांगितलं.

त्याला रोट दिला नाही. पुरणपोळी, कढी आणि गंगाफळाची भाजी वाढली, भाजी त्यानं दोनदा मागून घेतली. जाताना विचारलं, उद्या विसर्जनाला ढोल कोण वाजवणार, मला वाजवता येतो. सोमवारी तो खरंच वेळेवर आला. मिरवणुकीत डीजे होता, ढोल कुणी आणलाच नव्हता. अक्का आता पुढच्या कानबाईसाठी ढोल कुठं मिळेल याची चौकशी करताहेत, आणि त्यासाठी मोलगीच्या बाजाराला जायचं म्हणताहेत.